दोष रेंजचा नव्हता

डी ड्राइव्ह तुम्ही पुसलात.

वीज गेली म्हणून नाही, व्हायरस आला म्हणून नाही आणि दर्शना डोर्लेकर निष्काळजी होती म्हणून तर नाहीच नाही. तपासणीची समिती येणार होती. तिला महाविद्यालयातला कुठलाही संगणक लावून दाखवला, तरी पडद्यावर बोधचिन्ह आणि त्याखाली प्राचार्य म्हणून तुमचं नाव दिसायला हवं होतं. त्यासाठी पुसलात. आणि वर केबिनमध्ये बसून तिलाच विचारलंत, "मॅडम, बॅकअप घ्यायला काय झालं होतं?"

काय झालं होतं ते ऐकायला तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता. आता वाचा.

शिमग्याची सुट्टी संपली त्या सोमवारी दर्शना प्राणिशास्त्र विभागात आली, पर्स टेबलावर ठेवली आणि खिडकीजवळचा संगणक लावला. निळ्या रंगात बोधचिन्ह उमटलं. ते तिला आवडलंसुद्धा. मग कामाला लागायचं म्हणून तिने ड्राइव्ह उघडले, तर सी होता. डी नव्हता.

व्हरांड्यात बाळा शितप प्रिंटरची वायर गुंडाळत उभा होता. महाविद्यालयाचे संगणक सांभाळायचं कंत्राट ज्या दुकानाकडे होतं, तिथला हा माणूस. चाळिशी उलटलेला, तोंडाने मोकळा.

"बाळा, माझ्या मशीनचा डी कुठे गेला?"

"डी कोणालाच नाय आता, मॅडम. एक मशीन नीट तयार केलं आणि त्याचीच नक्कल सगळ्यांवर मारली. साच्यातून गणपती काढतात ना, तसं."

"आणि आत होतं ते?"

बाळाने वायरीला उगाच आणखी दोन वेढे दिले. "साच्यात माती नवीनच भरतात, मॅडम."

ती हसली. हो, हसली. "बरं, माझं सगळं वर आहे. नाहीतर आज तुला इथेच धरला असता."

'वर' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तुम्हाला ते तेव्हाही कळलं नव्हतं. संशोधन करणाऱ्यांसाठी एक कपाट मिळतं, संगणकातलं. त्यात शोधनिबंधांची, फोटोंची, आवाजांची नावं लावून ठेवायची. नावावर दोनदा टिचकी मारली की त्याला जोडलेली फाईल उघडते. एका संगणकावर नोंद केली की ती इंटरनेटवरून आपोआप दुसऱ्या संगणकावर जाते. दर्शनाने हे कपाट दोन ठिकाणी लावलं होतं, विभागात आणि घरच्या लॅपटॉपवर. बाणांचं एक छोटं वर्तुळ फिरायचं, थांबायचं, की समजायचं सगळं पोचलं. ते वर्तुळ रोज थांबत होतं.

कपाटात काय होतं? जयगडच्या खाडीतल्या तिसऱ्या आणि मुळे या शिंपल्यांवर तिची पीएच.डी. चाललीय. पाणी ओसरलं की, सुकतीला, बायका चिखलात उतरतात. त्यांच्याबरोबर ही उतरायची. बरोबर लोखंडी पट्ट्यांची एक चौकट. ती ठरलेल्या जागी चिखलावर ठेवायची, वरून फोटो काढायचा, आतल्या तिसऱ्या मोजायच्या, पुन्हा सोडून द्यायच्या. पुढच्या महिन्यात तीच जागा, तीच चौकट. अशी चार वर्षं. शिवाय बायकांचं बोलणं मोबाइलवर घेतलेलं. कुठल्या वळणाला पूर्वी टोपल्या भरायच्या, कुठे आता पाय ठेवला तर नुसता काळा गाळ. मोबाइल भरला की ती सगळं वायफायवरून विभागातल्या संगणकावर उतरवायची, कपाटाला जोडायची आणि मोबाइल रिकामा करायची. वर गेलंय ना, मग कशाला हवं.

तिने कपाट नव्याने बसवलं, पासवर्ड घातला. नावं भराभरा खाली येऊ लागली, अलीकडची आधी. 'चौकट चार, वैशाख'. 'चौकट चार, ज्येष्ठ'. 'ठमाबाई, आवाज, भाग एक'. एकही नाव चुकलं नाही. तिने पहिल्या नावावर टिचकी मारली.

'फाईल सापडली नाही.'

दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यावर. मग त्याच वर्षाची नावं खालून वर मारत आली, जणू खालच्या बाजूने शिरलं तर सापडेल.

"इथलं नेट गंडलंय," ती बाळाला म्हणाली. "घरच्या लॅपटॉपवर बघते."

तिला त्या दिवशी एकच तास होता. ती तासिका तत्त्वावर शिकवते, तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी जूनमध्ये तुमच्यासमोर मुलाखत देते आणि दरवर्षी नवी असल्यासारखी नाव सांगते. तास संपवून तिने जयगडची गाडी पकडली.

घरी सासू, हौसाबाई, पडवीत सुकट निवडत बसली होती. नवरा सागर बंदरावर पाळीला गेलेला.

"काय गो, आज लवकर? हाकलली काय?"

"नाही ओ आई. लॅपटॉप बघायचाय."

"बघ तर. आणि आज मला ठमाचा ऐकव. वर्स झाला सांगताय तुला. दरवेळी म्हणतेस रेंज नाय, रेंज आली की ऐकवते."

ठमाबाई म्हणजे हौसाबाईची नणंद. खाडीच्या चिखलात दर्शनाला पहिल्यांदा उतरवली ती तिनेच, "साडी वर खोच आदी, मास्तरीण," असं म्हणत. ती मागच्या वर्षी गेली. तिचा आवाज कपाटात होता. हौसाबाईला तो एकदा ऐकायचा होता, बस.

आणि लॅपटॉपवर तो कधीच उघडला नव्हता. ठमाबाईचाच नव्हे, गेल्या दीड-दोन वर्षांतली एकही फाईल घरी उघडली नव्हती. नावं यायची, फाईल यायची नाही. दर्शनाला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे कोणालाच वाटलं नसतं. फोन लागला नाही, रेंज नाही. रेशनच्या मशीनने अंगठा घेतला नाही, रेंज नाही. पोराचा निकाल उघडला नाही, रेंज नाही. सगळ्या दुखण्यांचं एकच कारण आम्ही पाठ करून ठेवलंय. एकदा तर ती लॅपटॉप घेऊन वर सड्यावर गेली होती, कातळावर बसून वाट बघत. तिथेही फाईल उघडली नाही, तेव्हा म्हणाली, दोनच कांड्या आहेत.

"आई, रेंज बघू दे थांबा."

"रेंज हाय गो! आत्ताच भाविकाचा मुंबैसून व्हिडिओचा फोन आला. नातवाचे दात दाखवले तिना. दोन नवे आलेत. रेंजला काय झालाय?"

दर्शनाने मोबाइल पाहिला. कांड्या भरलेल्या. लॅपटॉप त्याला जोडला, वर्तुळ फिरलं, थांबलं. तिने 'ठमाबाई, आवाज, भाग एक' वर टिचकी मारली.

'फाईल सापडली नाही.'

त्याखाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. त्या तिथे नेहमीच होत्या. पण काय लिहिलंय हे आधीच ठाऊक असलं की माणूस वाचत नाही. आज तिने वाचल्या. लिहिलं होतं की ही फाईल डी ड्राइव्हवर अमुक जागी असल्याची नोंद आहे, ती त्या जागी नाही, आणि जोडलेल्या फायली समक्रमित होत नाहीत.

फक्त नावं जातात. फायली जात नाहीत. कधीच जात नव्हत्या.

"काय झाला?" हौसाबाईने विचारलं.

"काही नाही."

"मग लाव की."

"आई, ते इथे नाहीच आहे."

"कालेजात हाय?"

दर्शनाने लॅपटॉप मिटला. हौसाबाईने तिच्याकडे पाहिलं, सुकटीच्या सुपात हात तसाच राहिला. "बरा," ती म्हणाली, "चाय टाकताय. दूध घालू काय कोरी?"

आता म्हणाल, ही तिचीच चूक. वाचायला हवं होतं. ठीक. पण फायली जोडायच्या कशा हे तिला कोणी शिकवलं? तुम्ही भरवलेल्या एकदिवसीय कार्यशाळेत. पुण्याहून तज्ज्ञ आले होते, त्यांना शाल आणि आंब्याची पेटी दिलीत. ते म्हणाले, फुकटची जागा थोडीच असते, ती भरली की फायली डी ड्राइव्हला ठेवा आणि कपाटात नुसत्या जोडा. फायली मग बरोबर येत नाहीत, हे ते म्हणाले नाहीत. त्यांची गाडी होती, त्यांना निघायचं होतं. दर्शनाची फुकटची जागा पहिल्या दोन वर्षांत भरली. त्यातलं तेवढं लॅपटॉपवर शाबूत निघालं. दोन वर्षांचे फोटो, आणि कार्यशाळेत वाटलेलं एक परिपत्रक, 'माहितीचे सुरक्षित जतन', तुमच्या सहीचं.

दुसऱ्या दिवशी ती तुमच्या केबिनमध्ये आली. पीएच.डी.ची मुदत महिनाअखेर संपत होती. प्रबंध लिहून झाला होता, तक्ते होते, आकडे होते. पण बाहेरच्या परीक्षकांनी मूळ फोटो आणि आवाज मागितले होते, आणि ते मागणं बरोबरच होतं. आकडे काय, कोणीही घरी बसून लिहील.

"सूचना गटावर टाकली होती," तुम्ही म्हणालात. "आपापली माहिती काढून घ्यावी, म्हणून."

"सर, ती टाकलीत तेव्हा आमच्या अंगणात पालखी होती."

"पालखी हे कारण मी विद्यापीठाला कळवू का?"

"सुट्टी त्याचीच होती ना सर. पालखी वर्षातून एकदा घरी येते. त्या वेळी घरातलं माणूस जागचं हलत नाही. तुमच्याही गावात असेलच की."

तुमच्याही गावात असतेच. तुम्ही स्वतः तेव्हा गावाला होतात. सूचना तिथूनच टाकलीत, सहाणेवर पालखी टेकलेली असताना, मागून ढोल वाजत असताना. आणि काम दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरू झालं.

"पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायचं एरवीच," तुम्ही म्हणालात.

"पेनड्राइव्हची भोकं तुम्ही एमसीलने बुजवलीत सर. दोन वर्षं झाली."

तेव्हा तुम्ही पाणी प्यायलात. बुजवली होती खरी. कोणीतरी लग्नाचा व्हिडिओ आणला, त्यातून व्हायरस आला, म्हणून शिपायाला एमसीलची पुडी देऊन सगळ्या संगणकांची भोकं बंद करवलीत.

"हे बघा मॅडम. झालं ते झालं. मी मदत करतो. मुदतवाढीचा अर्ज लिहा. 'माझ्या निष्काळजीपणामुळे माहिती नष्ट झाली, सहा महिने मिळावेत.' मी शिफारस जोडतो. विद्यापीठ मान्य करतं असं."

"माझ्या निष्काळजीपणामुळे?"

"भाषा असते ती अर्जाची. मनावर घेऊ नका."

बाहेर वनस्पतिशास्त्राची मृणाली भाटकर उभी होती. ती कायम नोकरीत आहे, आणि दर्शनाची मैत्रीण आहे.

"लिहून टाक गं," ती म्हणाली. "एक शब्द आहे. सहा महिने मिळतायत ना?"

"सहा महिन्यांत काय होणार, मृणाली? गेलेले वैशाख परत येणारेत? दोन वर्षांवर प्रबंध पुन्हा बांधायचा झाला तरी तो होईल, मी करीन. पण हा शब्द माझ्या फायलीत बसला, की जूनच्या मुलाखतीला हाच बाहेर काढतील. निष्काळजी बाई. दुसरी घ्या."

"एवढा विचार कोण करतं?"

"तुझी नोकरी कायम आहे. तुझ्यावर शब्द चिकटत नाहीत. माझ्यावर चिकटतात."

मृणालीने तिचा हात धरला. मग म्हणाली, "चल, वडापाव खाऊ." दुसरं तरी काय म्हणणार.

तीन दिवस बाळाने त्या संगणकात हात घातला. तुमच्या परवानगीशिवाय, हे कबूल करतो. पुसलेलं परत खेचून काढायची काहीतरी युक्ती त्याच्याकडे होती. संध्याकाळी मुलं गेली की तो विभागात बसायचा, दर्शना शेजारी स्टुलावर. निघालं तेही नावाशिवाय निघालं. आकडे पडलेले तुकडे. एकेक उघडून बघायचे. बहुतेक उघडतच नव्हते. जे उघडले ते अर्धे. वरच्या भागात चिखल, लोखंडी चौकटीची एक कड, कोणाचं तरी पाऊल, आणि तिथून खाली सपाट करडा रंग. जणू भरती आली आणि अर्ध्यावर थांबली.

"हे कुठलं?" बाळा विचारायचा.

"पाऊल बायजाचं आहे. म्हणजे सहा नंबरची जागा असेल." मग जरा वेळाने, "किंवा चार."

"नक्की काय ते सांगा, नाव देतो."

"नक्की नाही सांगता येत. नको देऊ नाव."

आवाजांतला एकच सापडला. बाळाने लावला. वारा, पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, एक बाई खोकली, आणि संपलं. ती ठमाबाई होती की आणखी कोणी, ते दर्शनाला ओळखता आलं नाही. तिने तो तीनदा लावायला सांगितला. घरी नेऊन तिने तो हौसाबाईला ऐकवला नाही. "खोकल्यावरून माणूस कसं ओळखू?" एवढंच ती बाळाला म्हणाली.

तिसऱ्या संध्याकाळी बाळाने संगणक बंद केला आणि उठलाच नाही.

"मॅडम, एक बोलू? बोललो नाय तर जेवण जाणार नाय मला."

"बोल."

"नक्कल मारायच्या आधी मी एकेक मशीन उघडून बघत होतो. सवय आहे. तुमच्या डीत फोल्डर दिसला. मोठा होता. मी सरांना फोन लावला, गावाला. म्हटलं, प्राणिशास्त्राच्या मशीनमध्ये कोणाचं तरी बरंच काम दिसतंय, हे एक मशीन ठेवू काय तसंच? उतरवून घेतो नायतर, माझ्याकडे डिस्क आहे. अर्ध्या तासाचं काम."

"मग?"

"सर म्हणाले, 'एक वेगळं राहिलं तर समितीला तेवढंच दिसेल. सगळे सारखे कर.'"

दर्शना स्टुलावरून उठली. खिडकी बंद केली. परत उघडली.

"तू हे मला सोमवारी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात सगळं वर आहे. मला वाटलं, सुटलो." बाळा खाली बघत होता. "माझं नाव नका घेऊ, मॅडम. दुकान कंत्राटावर चालतं."

बाळाने आता ते दुकान सोडलंय, सावर्ड्याला स्वतःचं काढलंय, म्हणून हे छापायला त्याची हरकत नाही. तेव्हा होती. आणि दर्शनाने ती मानली.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते तेव्हा ती पुन्हा तुमच्या केबिनमध्ये आली. हातात अर्ज होता. तुम्ही तो हसत घेतलात, पेनाचं टोपण काढलंत आणि वाचायला लागलात. मग टोपण परत लावलंत.

"'शिमग्याच्या सुट्टीत महाविद्यालयाने संगणक पुसल्यामुळे,'" तुम्ही मोठ्याने वाचलंत. "हे काय आहे?"

"झालं ते आहे, सर."

"मी काय सांगितलं होतं लिहायला?"

"माझी चूक खाली लिहिली आहे. दुसऱ्या परिच्छेदात. जोडलेल्या फायली पोचत नाहीत हे मी वेळेवर वाचलं नाही, असं स्वच्छ लिहिलंय. माझी तेवढी माझी. पुसलं मी नाही."

"या भाषेवर मी सही करणार नाही. आणि माझ्या सहीशिवाय विद्यापीठ हा अर्ज उघडूनही बघणार नाही, कल्पना आहे ना?"

"आहे."

"मग? चार वर्षं पाण्यात घालायची आहेत का एका वाक्यासाठी?"

तिने अर्जाकडे पाहिलं. तुम्हाला वाटलं ती वळली. कागद तुम्ही तिच्या बाजूला सरकवलात. म्हणालात, "हे एवढं वाक्य काढा, इथे बसूनच काढा, पाच मिनिटांत शिफारस देतो. कोण बघतंय नंतर?" पेनसुद्धा पुढे केलंत, तुमचं स्वतःचं.

तिने पेन घेतलं नाही. समोरची खुर्ची ओढली. तासिका तत्त्वावरची माणसं तुमच्यासमोर बसत नाहीत, उभ्याने बोलून जातात. ती बसली. पर्स मांडीवर घेतली.

"काढते सर. एक विचारू द्या, मग काढते. पुसायच्या आधी, त्या मशीनमध्ये कोणाचं तरी काम आहे, हे तुम्हाला कळलं होतं की नव्हतं?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मी कोणी सांगितलं ते विचारत नाही आहे. तुम्हाला कळलं होतं की नव्हतं, एवढंच विचारतेय. नव्हतं म्हणालात, तर वाक्य आत्ता खोडते आणि निष्काळजीपणा माझा, असं माझ्या अक्षरात लिहून देते."

दारात शिपाई येऊन उभा राहिला, समितीचा फोन आहे म्हणाला. तुम्ही हात वर करून त्याला थांबवलंत. बाहेर काढून ठेवलेला रिसीव्हर तसाच राहिला.

"मॅडम, तुमचा आत्ता तास नाही का?"

"आज मला तास नाही, सर. मी बसते. तुम्ही सांगा. होतं की नव्हतं?"